सॅनिटायझर सगळीकडे चालत नाही
सॅनिटायझर चोळलं की साबणाची गरज उरत नाही, असं बरेचजण म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंच आहे. हात मळलेले दिसत नसतील तर अल्कोहोलचं हँडरबच बरं, वॉर्डातल्या घाईत दरवेळी बेसिनपर्यंत जातंय कोण! पण क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जंतू असला की हे गणित फसतं. अँटिबायोटिक्सनंतर सुरू झालेल्या जुलाबांमागे, विशेषतः दवाखान्यात, बऱ्याचदा हाच असतो. तो बीजाणूंच्या (जाड कवचातल्या, सुप्त) रूपात बेडच्या कठड्यावर, कमोडवर, दाराच्या मुठीवर महिनोन्महिने टिकतो आणि अल्कोहोलने त्या बीजाणूंना काही म्हणजे काही होत नाही. साबणानेही ते मरत नाहीत, चोळून धुतल्यावर पाण्याबरोबर वाहून जातात एवढंच. म्हणून अशा पेशंटजवळ ग्लोव्हज आणि गाउन, ग्लोव्हज उतरवल्यावर साबण-पाणी, आणि फरशी-कठडे पुसायला क्लोरीनचं द्रावण. ग्लोव्हज ओढून काढताना त्यांची बाहेरची बाजू मनगटाला घासते, धुताना नेमकी तीच जागा राहून जाते.

नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांतही साबणच धरा. त्याला चरबीचं बाहेरचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर तितकंसं चालत नाही.