अनुभव धागा: पत्त्यांच्या खेळाचा प्रोग्राम आणि चुकणारा लूप

शेजारच्या मुलीने पायथनमध्ये लिहिलेला गुलामचोर काल पाहिला आणि जुनी ओळखीची चूक समोर आली, म्हणून धागा काढतेय. जोड्या काढायचा लूप, म्हणजे यादीतल्या एकेका पत्त्यावर तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड. ‘फॉर पत्ता इन हात’ म्हणायचं आणि त्याच हातातून रिमूव्ह करायचं. हातात ४, ४, ९, ९, राजा, राजा आहेत असं धरा. पहिल्या फेरीत दोन्ही ४ गेले, बाकीची यादी पुढे सरकली. लूप मात्र क्रमांक १ वर (पायथन ० पासून मोजतं), तिथे दुसरी नव्वी. नव्व्या गेल्या. आता लूपला क्रमांक २ हवा आणि उरलेत फक्त ० आणि १. लूप संपला, राजांची जोडी हातातच! एरर काहीच नाही, म्हणून पोरं तासन् तास शोधत बसतात.

लूप हात[:] या प्रतीवर फिरवा आणि काढण्याआधी मूळ हातात त्या पत्त्याचा काउंट, म्हणजे संख्या, २ किंवा जास्त आहे ना ते बघा. ते गाळलं तर दुसऱ्या ४ ला व्हॅल्यूएरर, कारण तो हातातून आधीच गेलेला असतो.

बदाम_सत्ती: आधी एक गुलाम काढल्यावर पत्ते ५१ आहेत का मोजा. रेंज(१, १३) लिहिलं की ते १२ लाच थांबतं, राजे येतच नाहीत, गुलाम काढण्याआधीच गठ्ठा ४८ चा. १४ हवं.

चाळीतला_डाव: हात = [[]] * ४. चौघांना १३-१३ वाटा, प्रत्येकाकडे ५२ दिसतील. यादी एकच, चौघांकडे तीच. [[] फॉर _ इन रेंज(४)] लिहा.

किलवर: गठ्ठा = रँडम.शफल(गठ्ठा) 🙏 शफल जागच्या जागी पिसतं, परत देतं नन (None), म्हणजे काहीच नाही. डावीकडचं ‘गठ्ठा =’ काढा.

दुर्री_तिर्री: माझा भिकार-सावकार थांबतच नाहीये, उद्या सबमिशन आहे

बदाम_सत्ती: @दुर्री कंट्रोल-सी दाबून थांबव. मग प्रत्येक चालीनंतर दोघांचे पत्ते आणि मधला ढीग, तिन्हींची लेन (len, यादीतली संख्या) छाप. बेरीज कायम ५२ हवी.

दुर्री_तिर्री: ५२, ५२, ५२, ५२, ५८, ६४...

बदाम_सत्ती: ढीग उचलल्यावर रिकामा होत नाहीये. आधी एक्स्टेंडने ढीग हातात जोड, लगेच ढीग.क्लिअर(). पत्ते वाढत राहिले तर भिकार कोण होणार? वरचा पत्ता पॉप(०) ने काढ, नुसतं पॉप() तळातला देतं. आणि वर रँडम.सीड(७) टाक, म्हणजे दर वेळी तोच डाव येईल आणि चूक त्याच चालीला पकडता येईल.

दुर्री_तिर्री: थांबला!! खूप आभार ताई

इस्पिक_राणी: विषय निघालाच आहे तर, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. ‘ढीग’, ‘हात’ खरंच लिहिता येतं. इंट("७") सुद्धा ७ देतं.

चाळीतला_डाव: अरे वा, हे पोरांना सांगायलाच हवं. भाजी फोडणीला टाकून येतो, मग करून बघतो.

किलवर: एकवीस (ब्लॅकजॅक) लिहिणाऱ्यांसाठी: एक्का ११ धरून बेरीज २१ च्या वर गेली की १० वजा. इथे ‘इफ’ नको, ‘व्हाइल’ हवं. एक्का, एक्का, दश्शी म्हणजे ३२. इफ एकदाच वजा करतं, २२ वर खेळाडू बाद. व्हाइलने १२ येतात. अटीत ‘एक्के > ०’ (११ धरलेले एक्के) आणि आत एक्के -= १ पण हवं.

धागाकर्ती: @किलवर अगदी! गुलामचोरात सुटलेला खेळाडू यादीतून काढतानाही वरचीच चूक होते, पुढच्याची पाळी उडते. त्या फेरीत पाळीचा क्रमांक वाढवू नका, फक्त % लेन करा, म्हणजे उरलेल्या खेळाडूंच्या संख्येने भागून बाकी घ्या.