मदत हवी आहे: आमची टूलरूम मोठ्या कंपनीत गेली, जुनी माणसं कशी टिकवू?

नमस्कार मंडळी. कंपनीत विचारलं तर दुपारपर्यंत सगळीकडे होतं, म्हणून इथे विचारतोय.

भोसरी एमआयडीसीत आमची टूलरूम आहे, म्हणजे प्रेसवर लागणाऱ्या डाय (पत्रा कापायचे, वाकवायचे साचे) बनवायची जागा, 42 माणसं. मी 16 वर्षं इथेच, सध्या प्रॉडक्शन बघतो. मालकांना सगळे काका म्हणतात. वय झालं, मुलगा परदेशात, म्हणून त्यांनी गेल्या दिवाळीनंतर एका मोठ्या कंपनीला सगळं देऊन टाकलं. नाव सांगत नाही. पगार एक तारखेला होतो, मेडिक्लेम आला, हेही सांगतो. नाहीतर नुसतं रडगाणं वाटेल.

पूर्वी वायरकट मशीनची (तारेने धातू कापणारं) तार संपत आली की सप्लायरला फोन करायचा, तासाभरात त्याचा पोऱ्या गाडीवर आणून द्यायचा. आता पीआर (खरेदीची लेखी मागणी), तीन कोटेशनं, मग हेड ऑफिसची मंजुरी. मागच्या महिन्यात मशीन 6 दिवस उभं होतं. सातव्या दिवशी त्याच हेड ऑफिसचा मेल: मशीन युटिलायझेशन कमी का?

सुट्टी गुरुवारची रविवारवर गेली. तरुण पोरं खूश आहेत, पण जुन्यांची बँक, तलाठी, शाळेतली कामं गुरुवारीच व्हायची. आता त्यासाठी रजा टाकावी लागते आणि रजा जास्त म्हणून एचआर विचारतं. माऊलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते त्या दिवशी काका दुपारपर्यंत शटर ओढायचे आणि आम्ही दिघीला चहा वाटायला जायचो. ते या वर्षी कुणाला विचारायचं तेच कळत नाही.

खरी काळजी मामांची. 22 वर्षं डाय फिटिंग करतात. प्रेसचा आवाज ऐकून डायमधला क्लिअरन्स (फट) कुठे बिघडला ते सांगतात. आता डायला कानस लावायची तरी आधी चेंज नोट (काय बदलणार त्याची लेखी नोंद) हवी, तिच्यावर हेड ऑफिसच्या इंजिनिअरची सही हवी. रात्रपाळीत पार्ट अडला होता, मामांनी नोटशिवाय डाय दुरुस्त करून माल सोडला. त्यांना मेमो मिळाला. मामा काही बोलले नाहीत. परवा स्वतःच्या कानशी पेटीत भरून घरी घेऊन गेले.

नोट मागणारा चूक आहे असंही नाही हो. आमच्याकडे दुरुस्ती ड्रॉइंगवर कधी चढायचीच नाही. एका डायची तीच चूक आम्ही तीनदा केली आहे, कारण पहिल्यांदा काय केलं ते फक्त मामांच्या डोक्यात होतं.

पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसची माणसं येतायत. काय मागू? आणि सगळ्यांना नवी नेमणूकपत्रं आलीत, रुजू तारीख या वर्षीची. सही करायची का?

प्रतिसाद १
सही थांबवा. आधी काकांना विचारा, शेअर विकले की धंदा? शेअर विकले असतील तर कंपनी तीच राहते, नोकरी अखंड, नव्या रुजू तारखेचं कारणच नाही. धंदा दुसऱ्या कंपनीत गेला असेल तर जुनी सेवा ग्रॅच्युइटीसाठी धरली जाईल असं पत्रात लिहून घ्या, नाहीतर जुन्या कंपनीने आत्ताच हिशेब चुकता करावा. मामांचं बेसिक आणि डीए मिळून 30,000 धरलं तर 30,000 × 15 ÷ 26 × 22, म्हणजे साधारण 3 लाख 80 हजार. तारखेच्या एका ओळीत एवढे पैसे आहेत. पीएफचं फार टेन्शन नको, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर होतो.

प्रतिसाद २
टाटा मोटर्सने 2004 मध्ये कोरियातल्या गुनसानचा देवूचा ट्रक कारखाना घेतला तेव्हा देवू हे नाव ठेवलं आणि व्यवस्थापनही कोरियन माणसांकडेच ठेवलं. उलट डेमलर आणि क्रायस्लर या गाड्यांच्या कंपन्या 1998 मध्ये बरोबरीच्या नात्याने एकत्र आले आणि 2007 मध्ये वेगळे झाले. अर्थात तुम्ही 42 जण, तुमच्यासाठी कोण एवढा विचार करतंय! मागायचं ते तुम्हालाच मागावं लागेल.

प्रतिसाद ३
मी पलीकडच्या बाजूला असतो, अशा मीटिंगा घेतो. ‘आमची पद्धत वेगळी आहे’ म्हणालात की आम्ही माना डोलावतो आणि विसरतो. ते 6 दिवस मशीन-तासांच्या रुपयांत मांडा आणि रोजच्या वापरातल्या मालासाठी जागेवर खरेदीची मर्यादा मागा. मामांसाठी: रात्रपाळीत दुरुस्ती आधी, नोट 24 तासांत. ती मामांनी लिहायची नाही, शेजारी एक डिप्लोमावाला बसवा, मामा बोलतील, तो लिहील. मेमोबद्दल तुम्ही स्वतः बोला, मामांना पुढे करू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. मीटिंग झाली. 15,000 पर्यंत जागेवर खरेदी मान्य. रात्रपाळीच्या नोटचं तीन महिने करून बघू म्हणाले. सुट्टी रविवारचीच राहणार, पालखीचं ‘बघू’. मेमो मागे घेतलेला नाही. मामा रोज येतात, स्टोअरच्या कानशींनी काम करतात आणि पोराला लिहायला सांगतात, पण पेटी घरीच आहे.

काका म्हणतात धंदाच विकलाय, शेअर नाही. त्यामुळे पत्रं अजून कुणी सही केलेली नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये कामगार कायद्याचा चांगला वकील कुणाला माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, सोमवारच्या आत.