मदत हवी आहे: चोबम कॉमनवर सिल्व्हर-स्टडेड ब्लू फुलपाखरू नेमकं कुठे दिसेल?

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या चोबम कॉमन या माळरानावर जातेय. हातात जेमतेम दोन तास, सोबत सासूबाई, त्यामुळे फार पायपीट नको. जुलै लागलाय, म्हणजे सिल्व्हर-स्टडेड ब्लूचा हंगाम ऐन भरात. पण हे फुलपाखरू सहसा आपल्या वसाहतीपासून पन्नास मीटरही लांब जात नाही. जागा चुकली की दिवस फुकट! गेल्या वर्षी एक निळं दिसलं, पण मागच्या पंखाखालचे चंदेरी-निळे टिपके बघेपर्यंत भुर्र. कॉमन ब्लू हे दुसरं निळं फुलपाखरूच असावं.

माळरानातून जाणाऱ्या एम३ महामार्गाच्या कुठल्या बाजूला बुटकं हेदर (माळावरचं झुडूप) आणि काळ्या मुंग्या जास्त आहेत? सिल्व्हर-स्टडेड ब्लूच्या अळ्या मुंग्याच सांभाळतात ना. की संध्याकाळी, ही फुलपाखरं हेदरवर झोपायला जमतात तेव्हाच जाऊ?