वानवळा, खाऊ की वजें?

(बोलणाऱ्यांना इथे त्यांच्या गोव्यातल्या गावांची नावं दिली आहेत.)

फोंडा : वेगवेगळ्या देशांत पांगलेले जुने मित्र दोन-चार वर्षांनी मधल्या एखाद्या शहरात भेटतात. गोव्याकडचा सोलं (कोकमाची आमसुलं) आणि खाजें (गुळात घोळलेल्या बेसनाच्या कांड्या) घेऊन येतो, बेळगावचा कुंदा आणतो, कोल्हापूरचा कांदालसूण चटणी. तिथेच अदलाबदल होते. या देण्याघेण्याला मराठीत नेमका शब्द कोणता? 'भेटवस्तू' म्हटलं की चकचकीत कागदात गुंडाळलेलं घड्याळ डोळ्यांपुढे येतं, आणि 'खाऊ' पोरांचा.

डिचोली : वानवळा. आपल्याकडे पिकलेलं किंवा घरी केलेलं, नवं आणि चांगलं, त्यातलं थोडं दुसऱ्याला चाखायला द्यायचं तो वानवळा. 'वानगीदाखल' मधली वानगी म्हणजे नमुना, तोच अर्थ इथे आहे. म्हणून वानवळा वाटीभर, पसाभर असतो. पाच किलो काजूगर दिले तर तो वानवळा नव्हे, ते सामान झालं. वाक्यात 'वानवळा देणे, पाठवणे, येणे' असं चालतं : 'शेजारून नव्या पोह्यांचा वानवळा आला.'

एक सावधगिरी. संक्रांतीचं 'वाण' वेगळं. ते संस्कृत 'वायन' मधून आलेलं, व्रताशी बांधलेलं. न आणि ण यांची गल्लत झाली की अर्थच बदलतो.

म्हापसा : गोव्यातल्या माणसाच्या तोंडी आधी 'वजें' येईल. काही ठिकाणी 'ओजें' म्हणतात. मराठी 'ओझं' तेच, वाहून नेण्याशी नातं असलेलं. पण अर्थ इथे खास आहे : लेकीच्या माहेरून सासरी जाणारं गोडधोड. ख्रिस्ती घरांत लग्नाच्या वज्यात दोदोल आणि बोल ही नारळाची मिठाई, शिवाय केळी. हिंदू घरांत लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या), लाडू, फळं, भाज्या. ते सासरची मंडळी शेजारीपाजारी वाटतात. म्हणजे वजें हे नात्यातलं, रीतीचं आणि एकाच दिशेने जाणारं. मित्रांच्या अदलाबदलीला ते लावलं तर गोव्यात ऐकणाऱ्याला लग्नच आठवेल. मी तरी लावणार नाही.

पेडणे : सहमत. 'आहेर'ही त्याच कारणाने बाद, तो प्रसंगाला बांधलेला. 'सौगात' मात्र विचारात घ्यावा. मूळ फारसीकडचा, हिंदुस्थानातल्या पोर्तुगिजांनीही तो 'सागुआते' असा उचलला आणि नजराण्यासाठी वापरला. एकच शब्द आपल्याकडेही आला आणि त्यांच्याकडेही गेला. पण सौगातीत थाट आहे, दरबारी वास आहे. फडक्यात बांधलेल्या पाव किलो सोलांना ती पेलत नाही.

फोंडा : मग वानवळ्यात 'आपल्याकडचं' ही अट किती कडक? दुकानातून घेतलेली बिबिंका, म्हणजे गोव्याचा थरांचा केक, वानवळा होते का?

डिचोली : जुना वापर धरला तर शेतातलं, परसातलं, आपल्या चुलीवरचं. पण परगावी त्याची व्याप्ती वाढते. माणूस स्वतःच्या घरातर्फे नव्हे, गावातर्फे देत असतो. कसोटी एवढीच ठेवावी : ती वस्तू त्या मातीची आहे का, आणि समोरच्याच्या गावी तशी मिळत नाही का? गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, बिबिंका आणि मानकुराद आंब्याला 2023 साली. या सगळ्या वानवळ्यात बसतात. विमानतळावर घेतलेलं परदेशी चॉकलेट बसत नाही, कितीही महाग असो.

मडगाव : शब्द ठरला तर वस्तूंबद्दलही बोलू, कारण वानवळा पोचला तरच वानवळा.

बिबिंका नारळाच्या दुधाची, अंड्याच्या बलकाची, थरावर थर भाजलेली, प्रत्येक थरावर तूप. बांधण्याआधी ती पूर्ण निवली पाहिजे, रात्रभर ठेवलेली उत्तम. कोमट असताना गुंडाळली की वाफ आत कोंडते, थर चिकट होतात आणि दोन-तीन दिवसांत कडेने पांढरी बुरशी धरते. कापू नये, अख्खी न्यावी. कापलेल्या कडा आधी कोरड्या पडतात. तिकडे पोचल्यावर कापायची सुरीही पुसून कोरडी, पाण्याचा थेंब नको.

खाज्याचा शत्रू दमट हवा. वरचा आल्याचा गूळ हवेतलं पाणी ओढतो, मग कांड्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. पावसाळ्यात उघड्या पुडीतलं घेऊच नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला कागद, 250 ग्रॅमच्या पुड्या. दोदोलात नारळाचं तेल सुटतं. बटर पेपर, वर प्लास्टिक, मग डबा. सोलं मिठाने ओलावतात आणि रंग सोडतात, त्यांना दुहेरी पिशवी, नाहीतर शर्टावरचा जांभळा डाग जाता जात नाही.

पणजी : सामानाचे नियमही याच चर्चेत हवेत. फेणीत मद्यार्क साधारण 42.8 टक्के. 24 ते 70 टक्क्यांमधलं मद्य चेक-इन सामानात माणशी 5 लिटरपर्यंत चालतं, पण दुकानातल्या सीलबंद बाटलीतच. घरच्या बाटलीत भरून दिलेली चालत नाही, मग ती कितीही अस्सल असो. उतरायच्या देशाची मर्यादा वेगळी, कुवेतमध्ये तर मद्य नेताच येत नाही. सुकं खोबरं सामानात घेत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं. लोणचं, तूप, मध हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरच्या वर गेलं की सुरक्षा तपासणीतच राहतं.

सगळ्यात मोठी चूक नेवऱ्यांची. सारणात खसखस असते, आणि अमिरातींत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दुबईच्या मित्रासाठी करायच्या असतील तर खसखस वगळून, तीळ घालून कराव्यात. चव बदलते खरी, पण माणूस अडकत नाही.

फोंडा : आणि लिस्बनला कुंदा?

पणजी : नाही. भारतातून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. कुंदा खव्याचा, तो गेला. गोव्याचा चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज, तोही गेला. ब्रिटनचेही या दोन्हींवर निर्बंध आहेत. बेळगावच्या माणसाने तिथे मसाल्यांकडे वळावं. ताजा मानकुराद अमेरिकेला वा ऑस्ट्रेलियाला स्वतःच्या बॅगेतून नेऊ नये, तपासणीत काढून घेतात. ऑस्ट्रेलियात तर कुठलाही खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहावा. दाखवलेला गेला तर फक्त पदार्थ जातो, लपवलेला सापडला तर दंड होतो.

पेडणे : शब्दाकडे परत येतो. अदलाबदलीला एक शब्द मागितला होता. आपल्याकडे आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. त्या परतीला वेगळं नाव नाही, तोही वानवळाच. म्हणून 'वानवळ्याला वानवळा' म्हणावं. 'वानवळ्यांची देवघेव' लिहिण्यात चालेल, बोलण्यात जड जातं.

डिचोली : रूपं नोंदवून ठेवतो, कारण 'वानवळाला' असं चुकीचं लिहिलेलं बरंच दिसतं. एकवचन वानवळा, अनेकवचन वानवळे, सामान्यरूप वानवळ्या : वानवळ्याला, वानवळ्यात, वानवळ्यांची. काही बोलींत 'वानोळा' ऐकू येतो, तोही बरोबर. उदाहरण : 'दुबईत दोघे भेटले, याने सोलांचा वानवळा दिला, त्याने चटणीचा.'