केबल मोडेम आणि वायफाय राउटर एकाच डब्यात घ्यावा की वेगवेगळे? (एडिसन, न्यू जर्सी)

सांगलीची_हळद

नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनमध्ये टाउनहाउसमध्ये राहतो. खाली बेसमेंट, मध्ये हॉल आणि स्वयंपाकघर, वर तीन बेडरूम. इंटरनेट केबल कंपनीचं, ५०० एमबीपीएसचा प्लॅन. डबाही कंपनीचाच, मोडेम आणि वायफाय एकत्र असलेला. त्याचं भाडं महिन्याला १५ डॉलर. पाच वर्षं झाली, म्हणजे ९०० डॉलर नुसत्या भाड्यात गेले. परवा बिलं काढून हिशेब केला तेव्हा फार वाईट वाटलं.

डबा बेसमेंटमध्ये फर्नेसच्या (घर गरम करायच्या भट्टीच्या) शेजारी आहे. बाहेरची केबल तिथून आत येते म्हणून कंपनीचा माणूस तिथेच लावून गेला. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, गॅरेजवरच्या खोलीत बसून. मला बाकीच्यांचं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं, पण माझा आवाज तुटतो आणि चेहरा गोठतो असं सगळे सांगतात. महत्त्वाचा कॉल असला की लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसते. खालून सातवी पायरी. तिथे जरा बरं चालतं, आठवीवर पुन्हा तेच.

एप्रिलअखेर आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये झालं. त्यांच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर व्यायाम घेतात आणि ते इथूनही चालू ठेवायचंय. त्यांची खोली वर, मागच्या बाजूला. पाय किती वाकतोय हे त्या मॅडमना नीट दिसायला हवं, मध्येच चित्र थांबून चालणार नाही.

नवऱ्याचं म्हणणं, भाड्याचा डबा परत करू आणि स्वतःचा एकत्र डबाच घेऊ, ॲरिसचा जी३४ किंवा नेटगिअरचा सीएएक्स३०. कंपनीला फोन केला तर ते म्हणतात, आमचाच डबा ठेवा, नाहीतर स्पीडची खात्री नाही. हे खरं आहे का? आमचं बजेट ३०० डॉलरपर्यंत आहे.

जर्सीसिटी_चौदावा_मजला

आमच्याकडे जी३४ आहे, दोन वर्षं झाली. वन बेडरूमचं अपार्टमेंट, डबा टीव्हीखाली, सगळीकडे सिग्नल. एक तार, एक प्लग, दुसरी भानगड नाही. घेण्याआधी तुमच्या कंपनीच्या मान्यताप्राप्त मोडेमच्या यादीत तो आहे ना, एवढं बघा. छोट्या घराला मी एकत्रच सुचवेन. तुमच्या तीन मजल्यांचं सांगता येणार नाही.

तांब्याची_तार

ताई, डबा कुठला घ्यायचा ते नंतर ठरवू. आधी तुमच्या घरात तार कशी फिरलीय ते बघायला पाहिजे.

मी १९९४ पासून अकरा वर्षं इचलकरंजीत केबलचा धंदा केला. गच्चीवर डिश, खाली कंट्रोल रूम, आणि तिथून गल्लीबोळातून तार. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की लोक म्हणायचे टीव्ही बिघडला. जाऊन बघावं तर बहुतेक वेळा जॉइंट सैल झालेला, नाहीतर आतल्या खोलीतल्या टीव्हीसाठी कुणीतरी मध्येच स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या अनेक वाटा करणारा ठोकळा, घातलेला. आता पार्सिपनीत राहतो, ऑफिसांमधलं नेटवर्क वायरिंग करतो. तुमच्या भिंतीतली तारही बहुधा तीच, आरजी-६ जातीची केबलची तार. आणि नियमही तेच. स्प्लिटरने सिग्नल वाटला की तो घटतो. दोन वाटांचा स्प्लिटर साधारण साडेतीन डीबी (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) खातो, चार वाटांचा सात. सात डीबी गेले म्हणजे आलेल्या सिग्नलचा जेमतेम पाचवा हिस्सा पुढे पोचला.

म्हणून आधी एक करा. लॅपटॉप बेसमेंटमध्ये न्या, लॅनच्या तारेने थेट डब्याला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि एक पूर्ण मीटिंग तिथे बसून करा. तिथे आवाज तुटला नाही तर दोष फक्त वायफायचा. तिथेही तुटला तर दोष बहुधा तारेत आहे, आणि मग हजार डॉलरचा राउटर आणलात तरी वरच्या खोलीत तेच होणार.

दुसरं, डब्याचं आतलं पान उघडा. नुसता मोडेम असला तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकल्यावर ते दिसतं. तुमचा एकत्र डबा आहे, त्याचा पत्ता खालच्या स्टिकरवर असेल. त्यात डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे कंपनीकडून तुमच्याकडे येणाऱ्या सिग्नलचा जोर, बघा. शून्याच्या आसपास, उणे सात ते अधिक सात यांच्यामध्ये असली तर छान. उणे दहाच्या खाली गेली तर कुठेतरी गळती आहे. एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, ३५ च्या वर पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अपस्ट्रीम पॉवर, मोडेम कंपनीकडे सिग्नल किती जोराने पाठवतोय ते. इथे मोठा आकडा वाईट. ३५ ते ४८ ठीक. पन्नाशी ओलांडली म्हणजे तुमचा मोडेम कंपनीपर्यंत आवाज पोचावा म्हणून जीव तोडून ओरडतोय. तुम्हाला बाकीचे ऐकू येतात पण तुमचा आवाज तुटतो, हे वाचल्यावर मला पहिला संशय याच आकड्याचा आला.

आता एकत्र की वेगळे. तुमच्या घरासाठी मी वेगळेच घ्या म्हणेन, आणि मुख्य कारण जागेचं आहे. मोडेमला केबलच्या तोंडाशी बसावं लागतं, वायफायला घराच्या मध्यावर. एकत्र डबा घेतला की दोघांना एका जागी बांधून टाकलं. तुमचं वायफाय आज फर्नेसच्या पत्र्याआड आणि डक्टच्या जाळ्याखाली बसलंय. पत्र्यातून ते वर येणार कसं? नवा एकत्र डबा त्याच जागी ठेवलात तर तोही तसाच बसेल.

आणखी एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. केबल मोडेम तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतला तरी त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) केबल कंपनीच पाठवते, तुम्हाला ते बदलता येत नाही. एकत्र डब्यात वायफायचा भागही त्याच फर्मवेअरमध्ये असतो. उद्या सुरक्षेची दुरुस्ती निघाली तर कंपनी पाठवेल तेव्हा ती मिळणार. वेगळ्या राउटरला तुम्ही त्याच संध्याकाळी अपडेट करू शकता. शिवाय डॉक्सिस ३.१, म्हणजे केबलच्या तारेवरून इंटरनेट चालवायचं मानक, २०१३ चं आहे आणि असंख्य घरांत ते आजही उत्तम चालतंय. तेवढ्यात वायफायच्या मात्र पाच, सहा आणि सात अशा पिढ्या आल्या. वायफाय जुनं झालं म्हणून चांगला मोडेम कशाला टाकायचा?

मोडेम घ्यायचा तर मोटोरोला एमबी८६११ किंवा ॲरिस एस३३. दोन्ही डॉक्सिस ३.१ चे, दोन्हींना अडीच गिगाबिटचा पोर्ट. मूव्हिंग सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून डॉक्सिस ३.० चा जुना मोडेम उचलू नका. त्यातही ॲरिस एसबी६१९० सारखे इंटेलच्या प्युमा ६ चिपचे टाळाच. त्यांत डेटा मध्येच अडखळण्याचा दोष होता, व्हिडिओ कॉलला तो नेमका बाधतो. शिवाय जुना मोडेम आधीच्या माणसाच्या खात्यावर अडकलेला असेल तर कंपनी तुमच्या नावावर चालू करून देत नाही. राउटर वायफाय ६ चा साधा, दोन बँडचा घ्या, तुम्हाला पुरेल.

कंपनीच्या बोलण्याला घाबरू नका. यादीतला मोडेम असेल तर तो चालवायचा तुम्हाला हक्क आहे. आणि स्वतःचं उपकरण वापरत असाल तर न दिलेल्या डब्याचं भाडं लावायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे, डिसेंबर २०२० पासून ती लागू आहे. पण दोन प्रश्न जरूर विचारा, आणि चॅटवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहील. काही कंपन्या वाढीव अपलोड स्पीड ठरावीक मोडेमवरच देतात. काही ठिकाणी भाड्याच्या डब्याबरोबर अमर्याद डेटा जोडलेला असतो, डबा परत केला की तो जातो. तुमच्या प्लॅनमध्ये असं काही आहे का, ते कळू द्या.

खारघर_ते_ट्रेंटन

लँडलाइन आहे का त्याच कंपनीची? आम्ही मोठ्या उत्साहात मोडेम आणला, इंटरनेट झकास सुरू झालं आणि सासूबाईंचा फोन मुका. मागे फोनची पिन लावायला जागाच नव्हती. ज्यांना फोन हवा त्यांनी टेलिफोनचा पोर्ट असलेला मोडेमच घ्यायला हवा, आणि तोही कंपनी चालवून देईल याची खात्री करून. चार दिवस त्यांना भारतात बहिणीशी बोलता आलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बावधनची_टेकडी

आम्ही २०२२ मध्ये बॉस्टनहून पुण्याला परत आलो. एकत्र डबा सामानात घालून आणला. इथे घरात फायबर, कंपनी स्वतःचा ओएनटी, म्हणजे फायबरचा डबा, लावते. केबल मोडेमचा इथे काही उपयोग नाही. आमच्या बरोबर परतलेल्या मित्राचा राउटर वेगळा होता. त्याच्या ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं होतं, तो आजही ओएनटीच्या मागे चालू आहे. कधीतरी परतायचा विचार असेल तर हेही धरा.

सांगलीची_हळद

तांब्याची तार दादा, तुमचे किती आभार मानू! सगळं सांगते.

लँडलाइन आम्ही २०२१ मध्येच काढली, तो प्रश्न नाही. कंपनीने चॅटवर लिहून दिलं की आमच्या प्लॅनला डेटाची मर्यादा नाही आणि एमबी८६११ यादीत आहे.

मंगळवारी बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून, तार लावून मीटिंग केली. तिथेही आवाज तुटला! पान उघडलं. डाउनस्ट्रीम उणे ११, अपस्ट्रीम ५१. मग टॉर्च घेऊन डब्याची तार धरून मागे मागे गेले. फर्नेसच्या पाठीमागे, भिंतीला एका स्क्रूवर लोंबकळणारा चार वाटांचा स्प्लिटर. आधीच्या मालकांच्या वेळचा असणार. धूळ पुसली तर वर ५-९०० मेगाहर्ट्झ असं कोरलेलं. एका वाटेच्या आत हिरवा गंज, दोन वाटा नुसत्याच उघड्या. आणि खाली जमिनीवर चार तारांची तोंडं, कुठली कुठे जाते याचा पत्ता नाही.

नवऱ्याने दुकानातून दोन तारांची तोंडं जोडायचा दोन डॉलरचा बॅरल कनेक्टर आणला. स्प्लिटर काढून टाकला आणि बाहेरून येणारी तार एकेका तोंडाला जोडत गेलो. मी वर हॉलमध्ये टीव्हीमागच्या केबलच्या पिनेला डबा लावून दिवे बघत उभी. तिसऱ्या तारेला दिवा स्थिर झाला. आकडे पुन्हा पाहिले: उणे ४ आणि ४४!

भाड्याचाच डबा, फक्त तीन फूट उंचीच्या कपाटावर, हॉलच्या मध्यावर. गुरुवारी गॅरेजवरच्या खोलीतून ५० मिनिटांची मीटिंग केली, एकदाही कुणी थांबवलं नाही. बाबांच्या खोलीत दार लावून सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. २५ मिनिटं बोललो. बाबांनी पाय वाकवून दाखवला, घोट्यापर्यंत नीट दिसला. मागे आईच्या कुकरची शिट्टीसुद्धा स्पष्ट ऐकू आली.

मोटोरोला आणि वायफाय ६ चा एक राउटर काल मागवले, दोन्ही मिळून २४० डॉलर. सोळा महिन्यांत भाड्यातून वसूल होतील. बाबांच्या खोलीत आत्ता वायफायच्या सिग्नलचे दोनच दांडे येतात, तेवढं पुरेल ना? आणि बाकीच्या तीन तारांचं काय करू?

तांब्याची_तार

शाब्बास ताई. स्प्लिटर ९०० पर्यंतचाच होता म्हणजे त्याच्या वरचे चॅनल तो नीट सोडतच नव्हता. गंजाचं तर सांगायलाच नको. तो जपून ठेवू नका, कुणीतरी पुन्हा लावेल.

दांडे दोन असले तरी कॉल तुटत नसेल तर तसंच राहू द्या. आई-बाबा आल्यावर, संध्याकाळी सगळे घरात असताना, पुन्हा एकदा बघा. तेव्हा कमी पडलं तर बाबांच्या खोलीत केबलची पिन आहे का शोधा. त्या तीन तारांपैकी एक तिथे जात असणारच. मग मोका ॲडॉप्टरची जोडी लावून त्याच तारेतून वर नेटवर्क नेता येतं, भिंत फोडायची गरज नाही. तेव्हा मात्र १६७५ मेगाहर्ट्झपर्यंतचा नवा स्प्लिटर लागेल, आणि बाहेरून तार जिथे आत येते तिथे मोकाचा फिल्टर लावायचा, म्हणजे तुमचा सिग्नल शेजाऱ्यांच्या घरी जात नाही. तोवर तिन्ही तोंडांना टोप्या लावा आणि कुठली तार कुठे जाते ते कळेल तशी चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

बाहेरची तार आत येते तिथे एक छोटा ठोकळा असेल, त्यातून तांब्याची जाड तार जमिनीकडे गेलेली. ते अर्थिंग आहे, वादळविजेसाठी. तिला हात लावू नका.

नवा मोडेम आला की आधी एकटा लॅपटॉप तारेने जोडून कंपनीच्या ॲपमधून चालू करा, राउटर नंतर. पहिल्यांदा वीसेक मिनिटं लागतात, दिवे लुकलुकत असताना प्लग काढू नका. भाड्याचा डबा हातोहात नेऊन द्या आणि पावतीवर त्याचा सिरियल नंबर छापलाय ना ते काउंटरवरच बघा. माझ्याकडून डबा परत केल्यावरही तीन महिने भाडं लावलं होतं. पावती होती म्हणून ४५ डॉलर परत मिळाले.