शब्दचर्चा : अधिग्रहण की संपादन?

भाषांतरवही : ओएनजीसी विदेश या सरकारी तेल कंपनीच्या परदेशी व्यवहारांवरचा लेख मराठीत करते आहे. 'इंपिरिअल एनर्जी (रशियात तेल काढणारी कंपनी)चे अधिग्रहण' लिहिलं, तर संपादकांनी लाल रेघ ओढली : अधिग्रहण हिंदी, 'संपादन' करा. पण 'कंपनीचे संपादन' म्हटलं की डोळ्यांपुढे मुद्रितशोधन येतं. तुम्ही काय लिहाल?

उंबरठा : संपादक बरोबर आहेत. विद्या, विश्वास, पुण्य आपण संपादनच करतो. भूसंपादन म्हणताना कुणाला मुद्रितं आठवतात का?

थारोळं : अधिग्रहण मराठी कारभारातही आहे, अर्थ मात्र निराळा. 2016च्या दुष्काळात आमची विहीर अधिग्रहित झाली. तलाठ्यांनी आदेश हातात दिला, पाऊस पडेपर्यंत टँकर भरून जात होते. सातबारा आमच्याच नावावर राहिला. निवडणुकीत गाड्या घेतात, तेही अधिग्रहणच. मालकी न बदलता घेतलेला वापर. कंपनी विकत घेणं त्यात बसत नाही.

भाषांतरवही : हे लक्षातच आलं नव्हतं, आभार! पण मग पुढचा पेच. इंपिरिअल 2009 मध्ये सबंध घेतली. साखालिन-1 या रशियातल्या तेलप्रकल्पात 2001 साली घेतला तो 20 टक्के हिस्सा, आणि प्रकल्प चालवायला तेव्हा अमेरिकेच्या एक्सॉनची कंपनी होती (2022पर्यंत). दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

गल्लावही : दुसऱ्यासाठी 'पाती' घ्या. आमचे आजोबा अडतीच्या धंद्यात 'चार आण्यांची पाती' म्हणायचे. पैसा घातलेला, नफातोटा वाटून, गल्ल्यावर बसणारा दुसराच. साखालिनचं नेमकं हेच होतं.

उंबरठा : पाती आज कोण समजणार? कांद्याची पात वाटेल. 'हिस्सा' सरळ आहे.

गल्लावही : हिस्सा अरबीच ना? संपादनासाठी शुद्धी आणि इथे सूट?

उंबरठा : रुळलेल्या शब्दाला मी परका म्हणत नाही. अधिग्रहणाला हरकत अर्थामुळे आहे.

थारोळं : दोघंही 'विकत घेतलं' का टाळताय? इंपिरिअलला तेच शोभतं. तेलक्षेत्राला मात्र नाही, कारण जमिनीखालचं तेल त्या देशाचं. मिळतो तो शोधायचा, काढायचा हक्क.

भाषांतरवही : हक्कावरून आठवलं. कझाकस्तानच्या काशागान तेलक्षेत्रातला अमेरिकी कंपनी कोनोकोफिलिप्सचा 8.4 टक्के हिस्सा ओएनजीसी विदेशने घ्यायचं 2012 मध्ये ठरलं होतं. 2013 मध्ये कझाकस्तानने प्रीएम्प्शनचा, म्हणजे इतरांआधी विकत घेण्याचा हक्क वापरून तो स्वतः उचलला, पुढे चीनच्या सीएनपीसी या सरकारी तेल कंपनीने तिथे शिरकाव केला. प्रीएम्प्शनला 'अग्रक्रयाधिकार' लिहिलंय. दात अडकतात.

जुनीसनद : 'हकशुफा'! जुन्या कोर्टकचेरीतला शब्द. दवाखान्यातल्या 'शफा'चाच भाऊ असणार, शेजाऱ्याला दिलासा देणारा हक्क.

गल्लावही : नाही हो, शफा म्हणजे बरं होणं, ते मूळ वेगळं. शुफाच्या मुळाशी जोडी करण्याचा अर्थ आहे. शेजारचा तुकडा आपल्या तुकड्याला जोडून घ्यायचा, म्हणून पहिला हक्क.

जुनीसनद : चूक मान्य. पण काशागानला किती चपखल बसतो! शेजारी नव्हे, घरधनीच आडवा आला.

उंबरठा : हकशुफा छापलात तर प्रत्येक ओळीखाली टीप लागेल. अग्रक्रय म्हणजे आधी खरेदी, शाळकरी पोरालाही फोड करता येते.

थारोळं : वाटणीत भाऊ म्हणतो, 'विकायचंच असेल तर आधी मला विचार.' हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 22व्या कलमात हाच हक्क आहे. 'पहिल्या पुसण्याचा हक्क' का नको?

जुनीसनद : पुसणं वेगळं, घेणं वेगळं. कझाकस्तानने पुसलं नाही, घेतलं.