पवित्र सप्ताहात सेव्हिल: वृद्ध आईवडिलांना न्यावे का?

प्रश्न: २०२७ मध्ये ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात आईवडिलांसह स्पेनमधील सेव्हिलला जायचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात. तिथल्या येशू-मेरीच्या मूर्तींच्या मिरवणुका नीट पाहता याव्यात आणि गर्दीत अडकूही नये, यासाठी काय करावे?

उत्तर १: अवश्य न्या, मात्र २५ मार्चची रात्र टाळा. गुरुवार सरून शुक्रवार उजाडेपर्यंत माकारेना, त्रियाना, ग्रान पोदेर या धर्मसंघांच्या सर्वाधिक लोकप्रिय मिरवणुका निघतात आणि जुन्या शहरात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. कांपाना चौकापासून सिएर्पेस गल्लीतून कॅथेड्रलपर्यंतच्या मुख्य मार्गावरील खुर्च्या सशुल्क असतात व त्या बहुतेक जुन्या वर्गणीदारांकडेच असतात. त्यामुळे एखादी मिरवणूक आपल्या चर्चकडे परतत असताना, मध्यभागापासून दूरच्या रुंद रस्त्यावर उभे राहणे मला अधिक योग्य वाटते.

उत्तर २: निवास जुन्या शहराच्या कडेला घ्या, कारण मिरवणुकीच्या वेळी आतील रस्ते बंद होतात आणि टॅक्सी दारापर्यंत येईलच असे नाही. पाऊस आल्यास मिरवणूक रद्दही होते, म्हणून एकाच दिवसावर विसंबू नये.

उत्तर ३: जवळून पाहिलेत तर मूर्तीच्या मखराखालच्या झालरीतून ते वाहणाऱ्या भोयांची फक्त पावले दिसतात आणि टोकदार टोप्या घातलेल्या सेवेकऱ्यांच्या मेणबत्त्यांचे मेण लहान मुले गोळा करून त्याचे चेंडू वळतात. त्या मेणामुळे रस्ते निसरडे होतात, तेव्हा आईंना रबरी तळव्यांचे बूट घालायला सांगा.